अर्धवट गोधड्या: आधी कोणती पुरी करावी?

ट्रंकेत पडलेल्या अर्धवट गोधड्या एकदा उन्हात पसरा आणि प्रत्येकीचं कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा. जुनं लुगडं चरचरलं, तर त्यात धावदोरा टिकत नाही, टाक्यापाशीच फाटतं. त्यातले धड तुकडे ठिगळांसाठी ठेवा, बाकीचं सोडून द्या. लुगडं आईचं असेल तर हात धजत नाही, मला ठाऊक आहे. मग काठ तेवढा काढून नव्या गोधडीच्या कडेला लावा. सुती थरांमध्ये नायलॉनची साडी असेल तर ती उसवून काढाच. धुतल्यावर सुती कापड आटतं, नायलॉन आटत नाही, आणि चुण्या पडतात. बाळाचं दुपटं मात्र सगळ्यांच्या आधी घ्या. लहान असतं, चार दुपारींत होतं.