बेड्याचे चिरेबंदी खांब

राजापूरकडे आमच्या घराला पूर्वी बांबूचं बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, होतं. दर पावसाळ्यानंतर ते नव्याने बांधावं लागे. शेवटी मे महिन्यात मी आणि धाकट्या भावाने जांभ्या चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाच्या घडीव ठोकळ्यांचे, दोन खांब उभारले.

मधे १० फूट जागा ठेवा, टेम्पो आत यायला हवा. २ फूट खोल खड्डा, तळाला दगडगोटे आणि काँक्रीट. वर एका थरात दोन चिरे शेजारी शेजारी, पुढच्या थरात ते आडवे, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. मसाल्याला सिमेंट १ घमेलं, वाळू ६. चिरा आधी भिजवून घ्या, कोरडा असला तर तो मसाल्यातलं पाणी शोषतो. दर थराला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून खांब सरळ आहे ना ते बघाच. बिजागऱ्यांचं लोखंडही थर चढतानाच रोवायचं, मागाहून भोकं पाडली की चिरा फुटतो.

कोरीवकाम करायचं तर खाणीतून नुकता आलेला चिरा निवडा. तो मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. मी छिन्नीने गोल कोनाडा कोरला, दिवाळीत पणतीसाठी.

माथ्यावर फुटक्या कपबश्यांचे तुकडे पांढऱ्या सिमेंटात बसवले. धारदार कडा आत दाबा, पोरं हात लावतातच. मधोमध आजीच्या बशीचा निळ्या फुलाचा तुकडा आहे. ती बशी फुटली तेव्हा आईने तुकडे डब्यात जपून ठेवले होते.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. फाटक त्यानंतरच टांगा.