पैठणी विणणाऱ्याचा माल बाहेर विकायला मदत करायचीय? मग हे करा

पैठणात ओळखीचा विणकर असंल तर साडीचा फोटो टाकताना पदर उलटा करून त्याचाही काढा. अस्सल हातमागाची नक्षी मागून पण जवळपास तशीच दिसती, पावरलूमला मागं धागे लोंबायलेले असतात, अन् पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पटतं ते हेच. मागाचा छोटा व्हिडिओ टाका, धोट्याचा आवाज राहू द्या, वरून गाणं नको बाबा.

२०१० पासून पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे खरं, पण विणकराचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळं नोंदवावं लागतं, तो फॉर्म भरायला तुम्हीच बसा त्याच्यासोबत. सिल्क मार्क (अस्सल रेशमाचा शिक्का), हँडलूम मार्क (हातमागाचा शिक्का) यांचं पण बघा.

भाव काढताना रेशीम, जरीची तार अन् माग किती दिवस अडकला हे सगळं लिहून काढा, उरंल ती मजुरी असं अजिबात करू नका. घानाच्या हातानं विणलेल्या केंटे कापडाचं घ्या, २०२४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आलं, तरी त्याची छापील नक्कल स्वस्तात विकायलेतच, म्हणजे नुसत्या शिक्क्यानं भागत नाही, फरक दाखवावा लागतो.

ऑर्डरीची साडी असंल तर निम्मे पैसे आधी घ्या, रेशीम काय उधार येतंय का!