बायबलमधील वंशावळ्या मनन करून कशा वाचाव्यात

सांगली-साताऱ्याकडे दारी आलेला हेळवी घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवू लागला, की घरातले वडीलधारे कान देऊन ऐकतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, तसाच मोठ्याने आणि सावकाश वाचावा. ‘अमक्याला अमका झाला’ ही ठरावीक चाल जिथे मोडते तिथे पेन्सिलीने खूण करावी. येशूची आई मरीया हिच्या आधी तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांच्यापाशी ती विशेष ठळकपणे मोडते.

यांतील एकीलाच, समजा रूथला, निवडून तिचे चार अध्यायांचे पुस्तक सलग वाचावे. मवाब्याला, म्हणजे शेजारच्या मवाब देशातल्या माणसाला, दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातले २३:३ सांगते. तरीही ही मवाबी विधवा बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते आणि पुढे दाविद राजाची पणजी ठरते. आपल्या घराण्यात कोणाचे नाव घेणे टाळले जाते, हा प्रश्न वहीत लिहून त्याखाली एक खरे नाव लिहावे. वही कोणाला दाखवण्याची गरज नाही.

राष्ट्रांची यादी उत्पत्ती १० मध्ये आहे. तिच्याशेजारी आमोस ९:७ ठेवावे: इस्राएलाला मिसरातून आणणाऱ्या देवानेच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणले, असे तिथे म्हटले आहे; म्हणजे इस्राएलाच्या वैऱ्यांच्या स्थलांतरामागेही तोच. मात्र ही प्राचीन नावे आजच्या समाजांना चिकटवू नयेत. नोहाचा शाप त्याचा नातू कनान याला असताना तो कनानाचा बाप हाम याच्या सर्व वंशजांवर लादून गुलामगिरीचे समर्थन केले गेले.

‘पहिला इतिहास’ या पुस्तकातील वंशावळ्यांचे सुरुवातीचे नऊ अध्याय एका बैठकीत उरकण्याचा हट्ट धरू नये. ४:९-१० येथे, याबेसाच्या प्रार्थनेपाशी, थांबले तरी चालते.