केळीच्या धाग्याचे कंपोझिट करताना

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी केळीच्या धाग्याचे कंपोझिट, म्हणजे रेझीनमध्ये धागे बसवून केलेले मजबूत साहित्य, हा विषय आम्ही निवडला, तेव्हा घनतेच्या आकड्यांनी आम्हाला मोहात पाडले होते. अशा साहित्यात नेहमी वापरल्या जाणाऱ्या काचतंतूची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम, तर केळीच्या धाग्याची साधारण 1.35. शिवाय कच्चा माल जळगाव जिल्ह्यात मुबलक होता. केळीच्या एका खोडाला एकदाच घड येत असल्यामुळे रावेर-यावल पट्ट्यात घड उतरल्यावर ते खोड तोडावेच लागते, आणि धागा निघतो तो याच खोडाच्या सोपटांतून.

पाण्याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. वनस्पतिजन्य धाग्यातील सेल्युलोज हवेतील ओलावा धरून ठेवते, ज्या रेझीनमध्ये आम्ही धागा बसवत होतो त्या इपॉक्सीला मात्र ओलावा मानवत नाही. ऐन जुलैत, प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या असताना ओतलेली पहिली प्लेट दिसायला उत्तम होती. पण यूटीएमवर (ताण देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तुटल्यावर तुटलेल्या पृष्ठभागावर धागे जसेच्या तसे उपसून निघालेले आणि त्यांच्या जागी बारीक भोके दिसली. धागा आणि इपॉक्सी एकमेकांना चिकटलेच नव्हते. त्यानंतर धागा ओव्हनमध्ये 80 अंश सेल्सिअसला ठेवून, दर तासाला वजन करून, वजन उतरणे थांबेपर्यंत वाळवायचा आणि लगेच ओतकाम करायचे, हा नियम आम्ही मोडला नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने वहीत पहिला रकाना या वजनाचा आखावा. ताकदीचे आकडे पुढे येतातच.

कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. 5 टक्क्यांच्या द्रावणात धागा काही तास ठेवल्यास धाग्यातील हेमिसेल्युलोज, पेक्टिन आणि काही प्रमाणात लिग्निन हे सेल्युलोजव्यतिरिक्तचे घटक निघून जातात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पकड सुधारते. द्रावण तीव्र केले की फायदाही वाढेल, ही समजूत चुकीची आहे, कारण तसे केल्यास धागाच कमकुवत होतो. हातमोजे आणि चष्मा घालून सोडा पाण्यात हळूहळू टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, आणि लिटमस उदासीन दाखवेपर्यंत धागा धुवावा. धुण्याचा कंटाळा आम्हाला एकदा महागात पडला.

आमच्या इपॉक्सीत 10 भाग रेझीनला 1 भाग हार्डनर (रेझीन कडक करणारे रसायन) असे प्रमाण होते. एकाच पेल्यात एकदम फार मिश्रण करू नये. ते तापून धुरावते आणि पेला वितळतो.

चाचणीसाठी एएसटीएम डी3039 या ताण-चाचणीच्या मानकाप्रमाणे किमान 5 नमुने लागतात. आमच्या पहिल्या पाचांपैकी तीन जबड्यापाशीच तुटले आणि बाद झाले, कारण टोकांना पट्ट्या चिकटवण्याचे आम्ही टाळले होते. म्हणून 8-9 नमुने कापून ठेवणे शहाणपणाचे, आणि बाद झालेल्यांची नोंदही अहवालात द्यावी. ती लपवण्याची प्रथा मला पटत नाही.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी एवढेच विचारले, ‘‘इपॉक्सी कशापासून बनते?’’ ती पेट्रोलियमपासून बनते आणि एकदा कडक झाली की पुन्हा वितळत नाही. पीएलएसारखे जैवजन्य प्लास्टिक वापरता आले असते; पण त्यासाठी सुमारे 180 अंशांचा हॉट प्रेस लागतो, आणि 200 अंशांपुढे धागाच करपू लागतो. आमच्याकडे तो प्रेस नव्हता. अंतिम प्रतीच्या मुखपृष्ठावरून ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द आम्ही काढला आणि ‘केळीच्या धाग्याने प्रबलित इपॉक्सी’ एवढेच ठेवले.