डेस्कटॉप विकून गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी वॉट बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं इंजिनिअरिंगला पुण्या-कोल्हापूरला निघाली की घरातला डेस्कटॉप विकून लॅपटॉप घ्यायचा विषय निघतोच. घ्या, पण ग्राफिक्स कार्डाच्या नुसत्या नावावर जाऊ नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला १२ जीबी मेमरी असते, त्याच नावाच्या लॅपटॉप चिपला ८ जीबी. शिवाय लॅपटॉपमध्ये तीच चिप कंपनी कमी वॉटवर बसवते की जास्त, यावर वेग ठरतो. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालते. म्हणून बेळगावच्या खडेबाजारात विचारा किंवा ऑनलाइन बघा, ‘टीजीपी किती?’, म्हणजे ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वॉट मिळतात, हा प्रश्न पहिला. दुकानदार गडबडला तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा.

लाईट गेली तरी गेम चालू राहील, ही आशा अर्धीच खरी. बॅटरीवर चिपला पुरेशी वीज मिळत नाही, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन उतरतात, आणि राऊटर तर बंदच पडलेला असतो! त्याला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉप कायम चार्जरवर राहणार असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा, बॅटरी जास्त टिकते.

रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकून घ्या. गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बुजते. आणि जुना मॉनिटर, कीबोर्ड मात्र विकू नका. सुट्टीत घरी आलात की एचडीएमआय वायर लावली, झालं.