घरच्या बादलीत सुती कुर्ता रंगवताना
ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनला १८५६ साली क्विनीन हे मलेरियावरचं औषध बनवायच्या खटपटीत जांभळा कृत्रिम रंग सापडला. पण सुताशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात यायला १९५६ उजाडलं. त्यातले गार पाण्यात चालणारे घ्या.

२५० ग्रॅम वजनाच्या कुर्त्याला ५ लिटर पाणी, ८ ग्रॅम रंग, २५० ग्रॅम मीठ, ७५ ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे). आधी गरम साबणपाण्यात धुऊन खळ काढा. रंगाची पूड कोमट पाण्यात कालवा, मास्क हवाच. कुर्ता बुडवून मीठ दोनदा विभागून घाला, २० मिनिटं हलवत राहा. मग कुर्ता बाहेर काढून, वेगळा विरघळवलेला सोडा ओता, कुर्ता परत घाला आणि अधूनमधून हलवत तासभर ठेवा. खरी गडबड इथेच होते. सोडा आधी पडला तर रंग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो, कपडा फिका राहतो. म्हणूनच उरलेलं रंगपाणी दुसऱ्या दिवशी कामाचं नसतं.

ठाण्यात सोसायटीला बोअरचं पाणी येत असेल तर नळाचं भरून ठेवा; जड म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात रंग डागाळतो. पावसाळ्यात रंगाची पुडी हवाबंद डब्यात.

शेवटी गार पाण्यात खळबळा, मग कढत साबणपाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर टाके पांढरेच राहणार, तो हा रंग धरत नाही.