पैसे भरले, पण प्रवेश मिळेना: सशुल्क सदस्यत्वाचे संकेतस्थळ चालवताना या चुका टाळा

सशुल्क सदस्यत्वाचे संकेतस्थळ चालवणारी व्यक्ती दिवसभर प्रशासकाच्या खात्यातूनच वावरत असते. त्या खात्यातून प्रत्येक पान उघडते आणि प्रत्येक फाइल उतरवून घेता येते, त्यामुळे सभासदांच्या बहुतेक अडचणी तिला दिसतच नाहीत. म्हणून एक साधे सभासद-खाते वेगळे उघडावे, त्यात खरे पैसे भरावेत आणि नोंदणीपासून वर्गणी रद्द करण्यापर्यंतची सगळी फेरी अधूनमधून स्वतः मारून पाहावी.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी तक्रार ठरलेली असते: खात्यातून पैसे गेले, पण मजकूर अजून बंदच आहे. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) आणि संकेतस्थळ या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. रक्कम जमा झाल्याची वर्दी गेटवे वेबहुकद्वारे, म्हणजे संकेतस्थळाच्या ठरलेल्या पत्त्यावर आपोआप जाणाऱ्या संदेशाद्वारे, पाठवते आणि ती पोहोचली नाही, तर संकेतस्थळाच्या लेखी पैसे आलेलेच नसतात. अशा वेळी त्या सभासदाचे खाते हाताने सुरू करून विषय मिटवला जातो. मूळ बिघाड मात्र तसाच राहतो आणि पुढच्या सभासदाला भोवतो. त्याऐवजी गेटवेच्या डॅशबोर्डवरील वेबहुकच्या नोंदी उघडाव्यात. तिथे संकेतस्थळाने दिलेल्या उत्तराचा संकेतांक 200 दिसत असेल तर वर्दी स्वीकारली गेली आहे आणि दोष पुढे, सदस्यत्वाच्या प्लगइनमध्ये (सदस्यत्व सांभाळणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) शोधावा. 403 असेल तर बहुधा फायरवॉलने ती अडवली आहे, 404 असेल तर पत्ता चुकला आहे, आणि 500 असेल तर वर्दी पोहोचूनही संकेतस्थळाचा कोड मध्येच कोलमडला आहे. स्ट्राइपसारखे गेटवे अयशस्वी वर्दी तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवते, त्यामुळे तेवढ्या अवधीत दोष दूर केला तर अडकलेली खाती बहुधा आपोआप मार्गी लागतात. मात्र याच कारणाने एकच वर्दी दोनदाही येऊ शकते. प्रत्येक वर्दीचा क्रमांक नोंदवून ठेवला नाही, तर सदस्यत्वाची मुदत दोनदा वाढते.

याहून वाईट रचना म्हणजे ‘धन्यवाद’ पान उघडताच सदस्यत्व बहाल करणे. पैसे भरून ब्राउझर लगेच बंद करणारा प्रामाणिक सभासद त्यात बाहेर राहतो आणि त्या पानाचा पत्ता हाती लागलेला कोणीही फुकट आत येतो.

मजकूर राखण्यातही अशीच फसगत होते. लेखाचे पान लॉगिनमागे असते, पण त्यातली पीडीएफ किंवा ध्वनिफीत सार्वजनिक फोल्डरमध्येच पडलेली असते. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीच्या अपलोड्स फोल्डरातील फाइलचा थेट दुवा, वेगळी तजवीज केली नसेल तर, लॉगिनशिवाय कोणालाही उघडतो. फाइली सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवाव्यात किंवा ठरावीक वेळाने बाद होणारे दुवे द्यावेत. कॅशिंगचा घोळ याच्या उलट दिशेचा आहे: वेग वाढावा म्हणून साठवलेले पान एका सभासदाचे असते आणि दाखवले जाते दुसऱ्याला, अगदी नाव आणि ईमेलसकट. लॉगिन केलेल्यांची पाने, खात्याचे पान आणि पैसे भरण्याचे पान कॅशमधून वगळणे ही इथे किमान अट आहे.

नूतनीकरण फसले की त्याच क्षणी प्रवेश बंद करणे ही घाईची चूक आहे. पुष्कळदा कार्डाची मुदत संपलेली असते किंवा खात्यात त्या दिवशी पुरेशी शिल्लक नसते. सभासदाला सोडून जायचे नसतेच. काही दिवसांची वाढीव मुदत द्यावी, त्या काळात पुन्हा प्रयत्न करावा आणि कार्ड बदलण्याचा थेट दुवा ईमेलने पाठवावा. हरवलेले म्हणून नोंदलेले कार्ड मात्र पुन्हा पुन्हा वापरून पाहण्यात काही अर्थ नाही.

ज्याला खरोखरच जायचे आहे, त्याला जाऊ द्यावे. रद्द करण्याचे बटण लपवून ठेवले, तर सभासद बँकेकडे तक्रार करतो आणि रक्कम परत जातेच, शिवाय गेटवेचे शुल्कही बहुधा आपल्यालाच भरावे लागते.

ईमेल पोहोचत नसेल, तर आधी डोमेनच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी (ईमेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आल्याची खातरी देणाऱ्या) तपासाव्यात. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. पासवर्ड बदलण्याचे पत्र स्पॅममध्ये गेले, तर वर्गणी भरूनही सभासद बाहेरच राहतो.

राहता राहिला बॅकअप, ज्यात चूक क्वचित होते, पण महाग पडते. बिघाडानंतर कालची प्रत परत चढवली, की आज नोंदणी केलेले सभासद संकेतस्थळावरून नाहीसे होतात, गेटवे मात्र त्यांच्याकडून वर्गणी घेतच राहते. म्हणून प्रत चढवल्यावर गेटवेची यादी आणि सभासदांची यादी ताडून पाहावी लागते. चाचणीसाठी काढलेल्या प्रतीत गेटवेच्या खऱ्या किल्ल्या (संकेतस्थळाला गेटवेशी जोडणारे गुप्त संकेत) राहिल्या, तर काही रचनांमध्ये मूळ संकेतस्थळ आणि त्याची प्रत अशी दोघेही त्याच सभासदाकडून नूतनीकरणाची रक्कम वसूल करू शकतात. वर्डप्रेसवर दुकान चालवण्याच्या वूकॉमर्स या प्लगइनच्या सबस्क्रिप्शन्स या विस्तारात संकेतस्थळाचा पत्ता बदललेला दिसताच आपोआप होणारी वसुली थांबवण्याची सोय त्यासाठीच आहे. जिथे अशी सोय नाही, तिथे प्रत तयार होताच, ती सुरू करण्यापूर्वी, चाचणीच्या किल्ल्या घालाव्यात आणि तिच्यातून बाहेर जाणारे ईमेलही बंद करावेत.